उत्तर न मागणारी पत्रं

मानसोपचाराच्या वॉर्डातून डिस्चार्ज मिळाला की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. गोळ्या चालू झाल्यात, झोप लागतेय, चेहरा जरा उजळलाय. आता महिन्याभराने दाखवायला यायचं, बस. आकडे मात्र वेगळंच सांगतात. आत्महत्येचा धोका सर्वांत जास्त असतो तो डिस्चार्जनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत. २०१७ साली निरनिराळ्या देशांतले शंभर अभ्यास एकत्र करून पाहिले गेले, तेव्हाही हेच निघालं. कारणं समजण्यासारखी आहेत. वॉर्डात चोवीस तास कुणाचं तरी लक्ष असतं. घरी आलं की तेच कर्ज, तेच भांडण, तीच एकटी खोली, आणि वर 'तिकडे' राहून आल्याची शरम. त्यात कितीतरी जण पुढच्या तपासणीला फिरकतच नाहीत.

जे येत नाहीत त्यांचं काय करायचं? 'आम्ही बोलावलं होतं, तेच आले नाहीत' असं म्हणून बहुतेक ठिकाणी हात वर केले जातात. सॅन फ्रान्सिस्कोचे मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोट्टो (१९२१–२०१५) यांनी नेमकी हीच न येणारी माणसं अभ्यासाला घेतली. आत्महत्या रोखायची तर आधी समोरच्याच्या मनात काय चाललंय ते अचूक ओळखता आलं पाहिजे, असं आपण सगळेच धरून चालतो. मोट्टोंची कारकीर्द बारकाईने पाहिली की हा समज डळमळतो. कोण जीव देणार हे ओळखता येत नाही, आणि तरीही मृत्यू कमी करता येतात. या लेखात मला एवढंच नीट उलगडून सांगायचं आहे.

भाकीत का फसतं

ओळखण्याचा प्रयत्न मोट्टोंनीही केला होता, आणि अगदी मन लावून केला होता. नैराश्य किंवा आत्महत्येचे विचार यामुळे सॅन फ्रान्सिस्कोतल्या रुग्णालयांत दाखल झालेल्या २,७५३ जणांची माहिती त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गोळा केली, दोन वर्षं त्यांचा मागोवा ठेवला आणि १९८५ साली पंधरा मुद्द्यांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. मुद्द्यांना गुण द्यायचे, बेरीज करायची, धोका किती ते ठरवायचं. त्या दोन वर्षांत १३६ जणांनी आत्महत्या केली होती, म्हणजे शंभरात जेमतेम पाच. आणि ही अख्ख्या शहरातली सर्वाधिक जोखमीची माणसं होती.

अडचण इथेच आहे, आणि ती गणिताची आहे. समजा दहा हजार माणसं आहेत आणि त्यातली वीस वर्षभरात आत्महत्या करणार आहेत. आपल्याकडे बऱ्यापैकी चांगली चाचणी आहे: धोका असलेल्या शंभरातल्या ८० जणांना ती पकडते आणि धोका नसलेल्या शंभरातल्या ८० जणांना बरोबर सोडून देते. आता हिशेब करा. वीसपैकी सोळा सापडले, चार निसटले. पण उरलेल्या ९,९८० जणांपैकी १,९९६ जणांवरही 'धोका' असा शिक्का बसला. म्हणजे शिक्का बसलेल्या सव्वाशे लोकांमागे खरा धोका एकालाच. त्या सव्वाशेही जणांना वॉर्डात ठेवणार का? आणि निसटलेल्या चौघांच्या घरच्यांना काय सांगणार, की कागदावर धोका कमी होता?

घटना जितकी विरळ, तितकं तिचं भाकीत अवघड, मग चाचणी कितीही सुधारा. २०१७ मध्येच पन्नास वर्षांतल्या ३६५ अभ्यासांचा आढावा निघाला. त्याचा निष्कर्ष असा की आत्महत्येबाबतची आपली भाकितं नाणं उडवण्यापेक्षा किंचितच बरी आहेत, आणि पन्नास वर्षांत त्यांत फारशी सुधारणाही झालेली नाही. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणारी 'नाइस' ही संस्था तर स्पष्ट सांगते की भविष्यातल्या आत्महत्येचं भाकीत करायला असल्या मोजपट्ट्या वापरू नका. 'धोका कमी' या चौकटीत टिक केलेल्या फॉर्मवर माझाही विश्वास नाही. तो फॉर्म रुग्णापेक्षा रुग्णालयालाच जास्त धीर देतो.

पण मोट्टोंनी या सगळ्याच्या कितीतरी आधी एक वेगळी वाट चोखाळून पाहिली होती. कोणाला धोका आहे ते ठरवण्याच्या भानगडीत न पडता सगळ्यांनाच काहीतरी द्यायचं. ते इतकं स्वस्त आणि निरुपद्रवी हवं की ज्याला गरज नव्हती त्यालाही मिळालं तरी बिघडू नये.

पत्रात काय होतं

दुसऱ्या महायुद्धात मोट्टो अमेरिकी सैन्यात होते. घरापासून दूर असताना त्यांना एका तरुणीची पत्रं येत. ओळख तशी जुजबीच. पत्रांत फार काही नसायचं, साध्या रोजच्या गोष्टी. पण ती येत राहिली, आणि बदल्यात काही मागत नव्हती. पुढे आपल्या प्रयोगाची कल्पना कुठून आली हे सांगताना मोट्टो त्या पत्रांचा उल्लेख करत.

प्रयोग १९६९ साली सुरू झाला. शहरातल्या नऊ मानसोपचार विभागांत १९७४ पर्यंत दाखल झालेल्या ३,००५ जणांच्या मुलाखती झाल्या. डिस्चार्जनंतर महिनाभराने पाहिलं, तर त्यातल्या ८४३ जणांनी पुढचे उपचार नाकारले होते किंवा मध्येच सोडले होते. या ८४३ जणांचे सोडतीसारखे दोन गट पाडले. ३८९ जणांना पत्रं जाणार, ४५४ जणांना काहीच नाही. दुसऱ्या गटावर अन्याय झाला असं वाटू शकतं, पण त्यांच्याकडून काही काढून घेतलं नव्हतं. जे देऊ केलं होतं ते त्यांनी स्वतःच नाकारलेलं होतं, आणि पत्रांचा उपयोग होतो की नाही हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं.

पहिले चार महिने दर महिन्याला एक पत्र, पुढचे आठ महिने दर दोन महिन्यांनी, आणि त्यानंतर चार वर्षं दर तीन महिन्यांनी. पाच वर्षांत एकूण चोवीस पत्रं. मजकूर साधारण असा असे: तुम्ही आमच्याकडे रुग्णालयात होतात त्याला आता बरेच दिवस झाले, तुमचं बरं चाललं असेल अशी आशा आहे, कधी दोन ओळी लिहाव्याशा वाटल्या तर आम्हाला आनंद होईल. खाली सही त्या व्यक्तीची, जिने रुग्णालयात त्या माणसाची मुलाखत घेतली होती. झालं, एवढंच.

हा मजकूर वाचून 'यात काय विशेष' असं वाटणं साहजिक आहे. विशेष आहे ते त्यात काय लिहिलेलं नाही यात. गोळ्या वेळेवर घेताय ना, असं विचारलेलं नाही. तपासणीला यायचं राहिलंय, याची आठवण नाही. मनात वाईट विचार येतात का, अशी चौकशी नाही. सोबत माहितीपत्रक नाही, कुठला फॉर्म नाही. यातलं एक जरी वाक्य आत शिरलं असतं तरी त्या पत्राची नोटीस झाली असती, आणि ही सगळी माणसं रुग्णालयाच्या असल्याच तगाद्यापासून दूर गेलेली होती. हेतू एकच होता. आपण कुणाच्या तरी लक्षात आहोत हे कळावं, आणि त्यासाठी आपल्याला काही करावं लागू नये.

हे साधायला मोट्टोंच्या चमूने बारीकसारीक गोष्टींत बरीच मेहनत घेतली. छापील मजकुरावर नाव टाकून पत्रं गेली नाहीत. प्रत्येक पत्र स्वतंत्रपणे टाइप केलेलं, दर वेळी शब्द थोडे निराळे. कुणी उत्तर पाठवलंच तर पुढच्या पत्रात त्याची दखल घेतलेली. सोबत परतीचा पत्ता लिहिलेला लिफाफा असे, पण त्यावर तिकीट लावलेलं नसे. मला हा तपशील सगळ्यात बोलका वाटतो. तिकीट लावून लिफाफा पाठवला की उत्तर न देणाऱ्याला ओशाळल्यासारखं होतं. बिनतिकिटाचा लिफाफा नुसता हाताशी असतो.

उत्तरं आली. साधारण चौघांत एकाने कधी ना कधी काहीतरी लिहून पाठवलं. एकाने लिहिलं होतं की रुग्ण रुग्णालयातून बाहेर पडला की तुमचा संबंध संपतो असं मला वाटलं होतं, म्हणून पत्र बघून आश्चर्य वाटलं. दुसऱ्या एकाला घरच्यांनी घराबाहेर काढलं होतं. या छोट्या चिठ्ठ्यांचं मोल तुम्हाला कधीच कळणार नाही, असं त्याने कळवलं. आणि एकाने तर इरसाल शिवी हासडून लिहिलं की तुमच्याइतका चिवट माणूस मी पाहिला नाही, म्हणजे तुम्हाला माझी खरंच काळजी असणार.

आकड्यांत काय दिसलं

पत्रं मिळालेल्या गटात पहिल्या दोन वर्षांत आत्महत्यांचं प्रमाण पत्रं न मिळालेल्या गटाच्या जवळपास निम्मं राहिलं: १.८ टक्के विरुद्ध ३.५ टक्के. मोट्टो आणि त्यांचे संख्याशास्त्रज्ञ सहकारी ॲलन बॉस्ट्रॉम यांनी सविस्तर निष्कर्ष २००१ साली छापले, कारण मृत्यूच्या नोंदींचा माग त्यांनी पंधरा वर्षं ठेवला होता.

या निकालाचं कौतुक करताना दोन गोष्टी झाकून ठेवू नयेत. एक, पहिल्या दोन वर्षांनंतर हा फरक हळूहळू कमी होत गेला आणि पुढे दोन्ही गट सारखेच झाले. दोन, मुळात मृत्यूंची संख्या लहान असल्याने हे आकडे भक्कम पुरावा म्हणता येतील असे नव्हते, 'हा निव्वळ योगायोग नाही' असं म्हणण्याचा उंबरठा जेमतेम ओलांडणारे होते. तरीही त्या वेळेपर्यंत आत्महत्येचे मृत्यू खरोखर कमी झाल्याचं सोडत पद्धतीच्या प्रयोगात कुणालाच दाखवता आलं नव्हतं. नव्या औषधानेही नाही, समुपदेशनाच्या नव्या पद्धतीनेही नाही. ते दिसलं तेव्हा दोन ओळींच्या पत्राने दिसलं, आणि तेही उपचार झिडकारलेल्या लोकांत.

सावकाश वाढणारा धोका आणि दहा मिनिटांचा धोका

पत्राने हे कसं साधलं असेल? इथून पुढे काही प्रमाणात तर्क आहे, पण पुराव्याला धरून.

आत्महत्येच्या वाटेवरचा माणूस बहुतेकदा दोन्हीकडे ओढला जात असतो. त्याला मरायचं असतं त्यापेक्षा होणारं दुःख थांबवायचं असतं, आणि जगण्याकडची ओढही पूर्ण सुटलेली नसते. आपण कुणाचेच नाही, आपण सगळ्यांना ओझं झालोय, ही भावना महिनोन् महिने साठत जाते. हा सावकाश वाढणारा धोका आहे. वर्षानुवर्षं येत राहणारं, काही न मागणारं पत्र या साठण्यावर काम करत असावं.

पण धोक्याचा दुसरा प्रकार अगदी वेगळा आहे आणि तो फार वेगाने येतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुक इथे, प्रयत्नातून वाचलेल्या ८२ जणांना विचारलं गेलं की या वेळचा विचार मनात येणं आणि प्रत्यक्ष पाऊल उचलणं यात किती वेळ गेला. जवळपास निम्म्यांचं उत्तर होतं: दहा मिनिटं किंवा त्याहून कमी. दहा मिनिटांत टपाल येत नाही आणि डॉक्टरही येत नाहीत. त्या दहा मिनिटांत माणसाच्या हाताशी काय आहे, यावरच पुढचं सगळं ठरतं.

म्हणूनच मोट्टो आयुष्यभर आणखी एका कामाच्या मागे लागले होते: गोल्डन गेट पुलावर अडथळा उभारण्याच्या. १९३७ मध्ये वाहतुकीला खुला झालेला हा पूल आत्महत्यांसाठी कुप्रसिद्ध झाला होता. मोट्टोंनी स्वतःचे रुग्ण तिथे गमावले होते. त्यातल्या एकाने 'वाटेत एक जण जरी माझ्याकडे बघून हसला तर मी परत फिरेन' अशा अर्थाची चिठ्ठी मागे ठेवली होती. तिची गोष्ट समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरते, आणि तिचा बोध म्हणून 'अनोळखी माणसाकडे बघून हसा, एखादा जीव वाचेल' असं लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. रस्त्याने जाणाऱ्या बिचाऱ्या लोकांवर कसली जबाबदारी टाकायची? मोट्टोंनी स्वतः आग्रह धरला तो पुलावरच्या अडथळ्याचा.

अडथळ्याला विरोध करणाऱ्यांचा युक्तिवाद नेहमी एकच असे. ज्याला मरायचंय तो दुसरीकडे जाईल, मग पैसा कशाला घालवायचा? याचं उत्तर रिचर्ड सायडेन या संशोधकाने १९७८ मध्ये दिलं. १९३७ ते १९७१ या काळात त्या पुलावर ऐनवेळी अडवलेल्या ५१५ जणांचा त्यांनी माग काढला. कित्येक वर्षांनंतरही त्यातले ९४ टक्के एकतर हयात होते किंवा नैसर्गिक कारणाने गेले होते. दुसरीकडे जाणारे होते, पण फार थोडे. असं असूनही अडथळा म्हणून लावायच्या जाळीच्या खर्चाला मंजुरी मिळायला २०१४ साल उजाडलं, आणि पोलादी जाळी पूर्ण झाली २०२४ च्या सुरुवातीला. मोट्टोंना जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

याच तत्त्वाचं सगळ्यात मोठं उदाहरण श्रीलंकेचं आहे. १९९५ च्या सुमारास तिथे लाखामागे ४७ आत्महत्या होत होत्या, जगातल्या सर्वांत वरच्या दरांपैकी एक. सरकारने सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढच्या वीस वर्षांत हा दर सुमारे ७० टक्क्यांनी खाली आला, आणि शेतीचं उत्पन्न घटल्याचंही आढळलं नाही. त्या काळात श्रीलंकेतली दुःखं सत्तर टक्क्यांनी कमी झाली नव्हती. उलट २००९ पर्यंत तिथे यादवी चालू होती.

पत्रांचं पुढे काय झालं

मोट्टोंची कल्पना पुढे बऱ्याच ठिकाणी गेली. सगळ्यात ठळक निकाल आला तो जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगात. ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन अशा पाच देशांत तो झाला. भारतातलं केंद्र चेन्नई होतं आणि तिथलं काम पाहत होत्या मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लक्ष्मी विजयकुमार. १९८६ मध्ये 'स्नेहा' ही आत्महत्या प्रतिबंधक संस्था त्यांनीच सुरू केली. कीटकनाशकं घरात न ठेवता गावात एका ठिकाणी कुलूपबंद खणांत ठेवायची, हा प्रयोगही त्यांनी तमिळनाडूतल्या खेड्यांत करून पाहिला.

पाच देशांच्या प्रयोगात आत्महत्येच्या प्रयत्नानंतर तातडीच्या विभागात आणलेले १,८६७ जण होते. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना तेच उपचार, अधिक डिस्चार्जच्या वेळी तासाभराचं बोलणं, आणि मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा घरी भेट. दीड वर्षाअखेर नेहमीच्या उपचारांच्या गटात १८ जणांनी आत्महत्या केली होती, दुसऱ्या गटात दोघांनी. या कामाला मानसोपचारतज्ज्ञच लागतो असं नाही, प्रशिक्षित परिचारिकेलाही ते जमतं. मानसोपचारतज्ज्ञांची चणचण असलेल्या देशांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

बाकीचे निकाल संमिश्र आहेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलमध्ये स्वतःला इजा करून घेतलेल्या ७७२ जणांपैकी अर्ध्यांना वर्षभरात आठ पोस्टकार्डं पाठवली. पुन्हा स्वतःला इजा करणाऱ्या माणसांची संख्या घटली नाही, पण अशा घटनांची एकूण संख्या जवळपास निम्म्याने घटली. तेहरानमध्ये पोस्टकार्डांचा स्पष्ट फायदा दिसला. न्यूझीलंडमध्ये तसा दिसला नाही. अमेरिकी सैनिकांना मोबाइलवर मेसेज पाठवण्याचा प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात मुख्य मोजमापांवर फरक पडला नाही, काही दुय्यम मोजमापांवर पडला. फ्रान्सने मात्र फोन आणि पोस्टकार्डं यांची सांगड घालून २०१५ पासून एक व्यवस्थाच उभी केली आहे.

घरातल्या किंवा ओळखीतल्या माणसाबद्दल काळजी वाटत असेल, तर यातून उचलण्यासारखं बरंच आहे. थेट विचारायला घाबरू नका. 'जीव द्यावासा वाटतो का' असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, याला अभ्यासांत पुरावा सापडलेला नाही. धोका वाटत असेल तर औषधं, कीटकनाशकं अशा गोष्टी काही काळ घरातून हलवा. आणि संपर्क ठेवाल तो उपदेशाशिवाय ठेवा. स्वतःच्या मनात असे विचार येत असतील तर १४४१६ हा सरकारी 'टेलि-मानस'चा क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं.

राहता राहिला प्रश्न संमिश्र निकालांचा. नेहमीचे उपचार आधीच चांगले असतील तर पत्राने पडणारी भर कमीच दिसणार, हे एक कारण असू शकतं. माझा संशय मात्र दुसऱ्या गोष्टीवर आहे. मोट्टोंच्या पत्राखाली सही असे ती रुग्णाला प्रत्यक्ष भेटलेल्या, त्याच्याशी बोललेल्या माणसाची, आणि उत्तर आलं तर ते वाचणारंही कुणीतरी होतं. पाच देशांच्या प्रयोगातही आधी तासभर समोर बसून बोलणं झालेलं होतं. आता रुग्णालयांना हे काम संगणकावर सोपवायचा मोह होतो, कारण तारखा तो अचूक सांभाळतो. तारखा त्याने खुशाल सांभाळाव्यात. पण पत्र कुणाच्या नावाने जातंय आणि त्या नावाच्या माणसाला रुग्णाचा चेहरा आठवतोय का, हे प्रत्येक नव्या प्रयोगात मोजून पाहायला हवं.